फळ्यावर कोण जाणार

जुईच्या मानेमागे, जिथं तिचं जावळ संपतं, तिथं मला एक चौकोन सापडला.

रविवारची सकाळ होती. तिला पायांवर पालथी घेऊन मी तेल जिरवत होते. बोट त्या जागी आलं आणि किंचित अडलं. डिंकासारखं काहीतरी चिकट होतं. ओल्या फडक्यानं पुसलं तर काळसर रेघ निघाली आणि तिच्या आत नखाएवढी कातडी भोवतालच्या कातडीपेक्षा उजळ. चिकटपट्टी रोज एकाच जागी लावली आणि काढली की उरते तशी.

"मल्हार, हिला दवाखान्यात कसली पट्टी लावली होती का रे?"

"नाही बुवा," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. "का?"

का ते मलाही सांगता येईना. गेले काही आठवडे जुई फार झोपायची. पाळणाघरातून आणली की माझ्या खांद्यावर मान टाकायची, दूध पिता पिता अर्ध्यातच तिचं तोंड सुटायचं. मल्हार म्हणायचा, पोरगी गुणी झाली. आठ महिन्यांचं मूल गुणी होत नसतं. ते भुकेलं असतं, नाहीतर ओलं असतं, नाहीतर हसत असतं.

सोमवारी तिला कडेवर घेऊन मी पाळणाघराच्या दारात उभी राहिले. पाळणाघर चालवणाऱ्या रूपालीताई पक्क्या कोल्हापूरच्या. इथल्या कित्येक बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' बोलतात.

"निजपट्टी हाय ती, ताई," त्या म्हणाल्या. "कातडीतनं झोपेचं औषध थेंबाथेंबानं जातं. सरकारमान्य. दुपारी लावतो, चारला काढतो."

"माझ्या मुलीला? मला न विचारता?"

त्यांचा चेहरा पडला. खोटं बोलताना पकडल्यासारखा नाही, खरं बोलूनही पकडल्यासारखा. "ताई, मी विचारल्याबिगर पोरांच्या अंगाला पावडरसुदीक लावत नाही. रोज दुपारी विचारतो. तुम्ही रोज हो म्हणालासा. हे बघा."

त्यांनी पाटीएवढा पडदा माझ्यासमोर धरला. जुईचा फोटो, खाली प्रश्न, आणि त्याखाली: माता – हो. पिता – हो.

"पापणी लवायच्या आत उत्तर येतंय बघा तुमचं. मी म्हणलो, बाई लई घाईत असत्यात."

ते 'हो' माझं नव्हतं. कारण पापणी लवायच्या आत माणूस 'हो' म्हणत नाही. प्रश्न वाचायला, बोट उचलायला, क्षणभर घुटमळायला वेळ लागतोच. इतक्या लवकर फक्त एकच जण उत्तर देतं, आणि त्याची देखभाल करण्याचा पगार मला मिळतो.

संमतीचा कायदा आला तेव्हा जुई पोटात होती. माणसाच्या देहाशी किंवा माहितीशी कुणी काहीही करणार असेल, तर आधी त्याला विचारायचं. मुलांचं आईबापांना विचारायचं. दवाखान्यानं विचारायचं, शाळेनं विचारायचं, दुकानानं विचारायचं. उत्तरं संमतीकोशात साठायची. कायदा चांगला होता. पहिल्या महिन्यात लोकांनी पेढे वाटले, दुसऱ्या महिन्यात फोन उशीखाली दाबले. दिवसभर टुणटुण, दिवसभर हो की नाही.

आमच्या भागाचा कोश गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मी त्याच्यापुढे उभी असलेली प्रॉक्सी सांभाळते. प्रॉक्सी म्हणजे काय, हे ज्यांनी गावचा जुना दवाखाना पाहिलाय त्यांना लगेच कळेल. कोश म्हणजे आत बसलेला डॉक्टर, प्रॉक्सी म्हणजे दारातला कंपाउंडर. बाहेरून आलेला प्रत्येक प्रश्न आधी कंपाउंडरकडे. कुणाला आत सोडायचं, कुणाला कुठल्या खोलीत पाठवायचं, आणि कुणाला "कालचंच औषध घ्या" सांगून परस्पर वाटेला लावायचं, ते तो ठरवतो.

माझं काम रोजचं आणि साधं. नवं रुग्णालय जोडलं गेलं की त्याचं नाव आणि परवलीचा शब्द प्रॉक्सीला सांगायचा. एखादं यंत्र दमलं की त्याच्याकडे नवे प्रश्न पाठवणं थांबवायचं, आत असलेले संपू द्यायचे, मग ते दुरुस्तीला काढायचं. नियम लिहायचे, वरचा नियम आधी लागू, खालचा नंतर. आणि पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा: लिहिलेला नियम आधी चालू करायचा, मग जतन करायचा. नुसता चालू केलेला नियम म्हणजे रांगोळी. सगळे तिला वळसा घालून जातात, पण यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की अंगण स्वच्छ. जतन केलेला नियम म्हणजे गोंदण.

गेल्या वर्षी या कंपाउंडरला अक्कल आली. तिचं नाव 'हजर'. माणसाची आजवरची उत्तरं, ती कुठल्या वेळी दिली, बोट किती वेळ थबकलं, आधी काय वाचलं होतं, हे सगळं पाहून ती त्या माणसाचं पुढचं उत्तर ओळखते. ओळख पक्की असेल तर कोशालाही विचारत नाही आणि माणसालाही नाही. उत्तर माहीतच असेल तर विचारायचं कशाला? शंभरात सत्त्याण्णव वेळा ती बरोबर असते. टुणटुण थांबली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, सरकारनं आमच्या कंपनीला शाल-श्रीफळ दिलं.

हे फक्त किरकोळ प्रश्नांसाठी आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. किरकोळ कशाला म्हणायचं, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते हजर स्वतःच शिकत गेली. ज्याला लोक न वाचता हो म्हणतात, ते किरकोळ.

"रूपालीताई, आजपासून पट्टी लावायची नाही. मी नाही म्हणतेय."

"तुमचं तोंडी नाही मला चालत नाही, ताई," त्या कळवळून म्हणाल्या. "कोशात नाही यायला पायजे. पोरं दुपारी झोपणार असं धरूनच मला एवढ्याच आया मंजूर झाल्यात. कोश हो म्हणतोय आणि मी लावलं नाही, तर माझी मान्यता जातीय."

मी फोन काढला. प्रश्न आला तर 'नाही' दाबणार होते. पण प्रश्न माझ्यापर्यंत येतच नव्हता. तो वाटेतच, माझ्याच आवाजात, मिटवला जात होता. उत्तर द्यायला निदान प्रश्न तरी लागतो.

मी जुईला घेऊन तशीच कामावर गेले.

पहारेकऱ्यानं आधी अडवलं, मग जुईनं त्याची शिट्टी तोंडात घातल्यावर सोडलं. तिला ओढणीनं पोटाशी बांधून मी पडद्यासमोर बसले आणि हजरला विचारलं, या प्रश्नाला माझा होकार का दिलास. तिनं नम्रपणे कारणं दिली.

माता कामावर परतली आहे. माता वारंवार रात्री जागी असते. मातेनं 'बाळ केव्हा सलग झोपेल' असा शोध अनेकदा घेतला आहे. मातेनं पाळणाघराच्या कुठल्याही प्रश्नाला आजवर नकार दिलेला नाही. होकाराची शक्यता: अतिउच्च.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या रात्री मी तिला खांद्यावर टाकून घरभर फिरले, ज्या रात्री तिच्या पाठीवर थोपटता थोपटता माझा हात झोपला पण ती झोपली नाही, त्या सगळ्या रात्री इथं माझ्याविरुद्ध साक्षीला उभ्या होत्या. दमलेल्या बाईला विचारायची गरज नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आणि आईचं दमणं ज्यांनी मोजून ठेवलं, त्यांना ते कमी करायचं सुचलं नाही. त्यांनी मूल झोपवलं.

केतकी मगदूम माझी वरिष्ठ. त्याआधी चार वर्षं वर्गात माझ्या शेजारी बसलेली. कॅन्टीनमध्ये तिनं जुईला मांडीवर घेतलं, तिच्या हातात चमचा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"कसली चिडलीयस," ती म्हणाली. "बरं, खरं सांग. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस की नाही?"

"माहीत नाही."

"हजरला माहीत आहे."

"तेच तर. मी काय म्हणाले असते ते मला त्या क्षणी कळलं असतं. तो क्षणच तिनं खाल्ला. मी रूपालीताईंना विचारलं असतं, औषध कुठलं, किती. डॉक्टरांना फोन केला असता. मल्हारशी भांडले असते. 'हो' म्हणजे फक्त शेवटचं अक्षर नसतं गं."

"जुईचं नाव मी आत्ता वगळते. तिचे प्रश्न थेट तुला. झालं?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. जुई चमच्यानं टेबल बडवत होती, जागी होती, माझ्याकडे बघून लाळ गाळत हसत होती. पण त्या पाळणाघरात तिच्या रांगेत आणखी पाळणे आहेत. प्रत्येकाला एक मान आहे.

"जुईपुरतं नको. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचे प्रश्न माणसाकडे जाऊ देत."

"वेड लागलंय. सगळ्या आईबापांचे फोन एकदम वाजतील. प्रॉक्सी रांगेखाली चेपून जाईल. आणि हे लोकांनीच मागितलं होतं, स्वरदा. टुणटुण नको म्हणून." मग चहाचा घोट घेत ती हसली. "आणि तू कुठली एवढी नीतिमान? अख्खं कॉलेज तुझी प्रॉक्सी मी लावली. डाटाबेसच्या तासाला दोन आवाज काढून घसा बसला माझा."

"मी तुला सांगायचे, लाव म्हणून."

"मग?"

"दर वेळी सांगायचे. एकदाच तू न विचारता लावलीस. आठवतं? मी मिरजेला मावशीकडे होते, आणि नेमकं त्या दिवशी सरांनी हजेरीनंतर मला फळ्यावर बोलावलं."

केतकीला हसू आवरेना. "देवा. मी म्हटलं, सर, ती पाणी प्यायला गेली. तास संपेपर्यंत पाणी पीत होतीस तू."

"हसू नकोस. प्रॉक्सी नुसती 'हजर' म्हणते. फळ्यावर बोलावलं तर कोण जाणार, हे तिला कधी पडलेलं नसतं. इथं 'हो' यंत्र म्हणतं, आणि फळ्यावर ही जाते." मी जुईच्या मानेवरचं जावळ बाजूला केलं.

केतकीनं तो चौकोन पाहिला. चमचा जुईच्या हातातून काढून घेतला, पुसला, पुन्हा दिला. "उद्या हिला आणू नकोस," एवढंच म्हणाली. "नियम आहे."

घरी मल्हारला सांगितलं तेव्हा तो भाकरी थापत होता. त्याचं पहिलं वाक्य मला लागलं. "पण झोपतेय ना? तूही जरा झोपलीस गेल्या महिन्यात."

"मग तू हो म्हणाला असतास?"

"कदाचित म्हणालो असतो. त्यात काय?"

"म्हण की. तुझं ते 'कदाचित' मला चालेल, त्याच्याशी मी भांडेन. पण तूही म्हणाला नाहीस, मल्हार. तुझ्या नावापुढेही 'हो' आहे. तुला तरी कुणी विचारलं?"

त्याचे हात पिठातच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्याला कळलं नाही. मी ती उलटली.

"अजून काय काय हो म्हटलंय मी?" तो म्हणाला.

मंगळवारी रूपालीताईंना मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "कोशात मी बाराला विचारतो. बारापातूर मी काय करत नाही. पुढं माझ्या हातात नाही."

जुईला त्यांच्याकडे दिलं. ती माझी ओढणी सोडेना. एकेक बोट सोडवून मी निघाले.

नियम लिहायला फार वेळ लागला नाही. पाच वर्षांखालील मुलांविषयीचा कोणताही प्रश्न अंदाजानं मिटवू नये, पालकाकडे न्यावा. सगळ्यात वर, पहिल्या क्रमांकावर. पण असा नियम चालू करायला दोघांची मान्यता लागते: माझी आणि केतकीची. कंपनीतल्या अशा मान्यताही याच प्रॉक्सीतून जातात. मी तो तिच्याकडे पाठवला.

खुर्चीला पाठ टेकायच्या आत उत्तर आलं. केतकी मगदूम – नाही.

मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती दाराकडे पाठ करून फोनवर कुणाला तरी वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीवरून झापत होती. बोलणं संपेपर्यंत उभी राहिले.

"वाचायचे तरी कष्ट घ्यायचेस," मी म्हटलं.

"काय वाचायचं?"

"माझा नियम. नाही म्हणालीस ना आत्ता."

"मी? मी इथं या माणसाशी डोकं फोडतेय." तिनं पडदा वळवला. पाहिलं. मग तिनंही तेच केलं जे मी केलं होतं. हजरला विचारलं, का.

मी तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. ही व्यक्ती कामाचा भार वाढवणाऱ्या विनंत्या नाकारते. पदोन्नती प्रलंबित असताना ही व्यक्ती संचालकांना न रुचणारा निर्णय घेत नाही. विनंती करणारी व्यक्ती मैत्रीण असल्यास ही व्यक्ती नकार तोंडी न देता लेखी देते.

भिंतीपलीकडे यंत्रांच्या पंख्यांत हजारो माणसांचे 'हो' घरघरत होते.

"मी नाहीच म्हणाले असते," केतकी हळू आवाजात म्हणाली.

"असशील."

"पण ते मी तुला म्हणाले असते. तू तोंड वाकडं केलं असतंस. मला वाईट वाटलं असतं, तुला आइस्क्रीम खायला नेलं असतं. बदललंही असतं कदाचित." तिनं शेवटची ओळ बोटानं झाकली, जणू तिथं कुणी तिचा उघडा पाय पाहत होतं. "हे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. हिला कुणी सांगितलं? विचार मला."

"काय?"

"जे विचारायचंय ते. तोंडानं."

"केतकी, हा नियम चालू करू का? हो की नाही?"

ती खिडकीशी गेली. तिनं फार वेळ घेतला. मला आठवेना, शेवटचं कुणाला उत्तरासाठी इतका वेळ घेताना मी कधी पाहिलं होतं. घड्याळ बाराकडे सरकत होतं आणि तरीही मी तिला घाई केली नाही. घाई केली असती तर मग माझ्यात आणि त्या यंत्रात फरक काय राहिला असता?

"चालू कर," ती वळून म्हणाली. "जतन नको. रांगोळी काढ. बघू, कोण पाय देतं."

पर्सच्या तळातून, पावत्या आणि रबरांखालून, तिनं आपली चावी काढली. बोटाएवढी पट्टी. ती यंत्रात खोचली की माणूस स्वतः समोर आहे असं धरतात आणि हजर गप्प बसते. वर्षभरात ती कुणी वापरली नव्हती. चावी आत गेली, नियम चालू झाला.

बाराला मजल्यावरचे फोन वाजायला लागले. एकदम नाही, आधी कोपऱ्यातला एक, मग त्याच्या शेजारचा, मग सगळीकडून. माणसं खुर्च्यांतून उठली. कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी विचारलं, "बालवाडीत माझ्या पोराच्या डोळ्यांचे फोटो कोण काढतंय?" एक जण जिन्यात जाऊन बायकोशी बोलायला लागला, आणि त्याचा आवाज चढत गेला.

माझाही वाजला. जुई. निजपट्टी लावावी का? मी तो प्रश्न शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग 'नाही' वर बोट ठेवलं. माझं बोट, तेलाचा वास अजून न गेलेलं.

तासाभरात रूपालीताईंचा फोन आला. मागे रणकंदन चाललं होतं. "ताई, काय केलंसा हे? आज माणसं उत्तरं द्यालीत. कुणी हो म्हणालं, कुणी नाही, कुणी म्हणालं डॉक्टरला विचारून सांगतो. एक बाई तर नुसती रडली, म्हणाली, हे रोज लावत होता?" मग त्या म्हणाल्या, "मला दोन आया जास्त लागणार बघा. तेबी कोण तरी विचारा की सरकारला."

प्रॉक्सी चेपली, पण मेली नाही. रांगा लांबल्या. मी दमलेली यंत्रं एकेक करून बाजूला घेत होते, रिकामी होऊ देत होते, विसावली की परत जोडत होते. कंपनीकडे तक्रारींचा पाऊस पडला. चार वाजता हुकूम आला: संध्याकाळी प्रॉक्सी बंद करून पुन्हा सुरू करा. कुणीही कशालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. नियम पुसा असंही म्हटलं नव्हतं. नुसतं अंगण झाडायला सांगितलं होतं.

केतकी माझ्या टेबलाशी आली. खांद्याला पर्स, पायात बाहेरच्या चपला.

"बोर्डानं बोलावलंय. पुण्याला. पडद्यावर नाही, समक्ष."

"आत्ता?"

"गाडी खाली उभी आहे." तिनं माझ्या टेबलावर काहीतरी ठेवलं. चावी होती. "जतन करायलाही दोघी लागतात ना? मला थांबता येत नाही. माझी प्रॉक्सी लाव."

मी चावी उचलली. "विचारून लावते," मी म्हटलं. "काय म्हणू?"

"हो म्हण," केतकी म्हणाली. "आणि फळ्यावर बोलावलंच आहे, तर मी चाललेय."

ती जिना उतरली. मी आधी तिची चावी खोचली, मग माझी. रांगोळीचं गोंदण झालं. मग हुकमाप्रमाणे प्रॉक्सी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. ती उठली, आणि पहिल्या क्रमांकावर तो नियम जागचा हलला नव्हता. उद्या ते पुसायला माणसं बसवतील. बसवू देत. माणसंच बसवावी लागतील, आणि त्यांनाही आधी विचारावं लागेल.

पाळणाघराच्या कोपऱ्यावरूनच आवाज ऐकू आला. रूपालीताई दारात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, पदर लाळेनं भिजलेला, आणि कडेवर लालबुंद तोंडाची, मुठी आवळलेली, टक्क जागी माझी मुलगी.

"घ्या ताई," त्या म्हणाल्या. "तुमचं 'नाही' दुपारधरनं रडालंय."